नौकेच्या पोटातील पाणी

पावसाळ्यात पणजीहून मांडवीपलीकडे पाहिले म्हणजे मालीमच्या धक्क्याशी मासेमारीच्या यांत्रिक नौका एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दिसतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नौकांचे हे विश्रांतीचे दिवस, असे आपण समजतो. परंतु भर समुद्रात बुडालेल्या नौकेची वार्ता होते. धक्क्याला बांधलेली नौका रातोरात पाणी भरून खाली बसली, तर मालकाखेरीज तिची दाद कोणी घेत नाही.

नौका कितीही पक्की असली तरी तिच्या तळाशी थोडे पाणी येतेच. ते फळ्यांच्या सांध्यांतून झिरपते, इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांतून गळते, आणि पंख्याचा दांडा जेथे तळ भेदून बाहेर जातो तेथूनही येते. त्या जागी दांड्याभोवती चरबी लावलेली दोरी आवळलेली असते. दांडा फिरत असताना तेथून अधूनमधून थेंब पडावा हेच योग्य, कारण दोरी त्यामुळे थंड राहते. थेंबाची धार झाली की मात्र पाना हाती घ्यावा. पावसाचे गणित तर सातवीचा मुलगाही करील. उघड्या होडीचे तोंड १० चौरस मीटर धरले व दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यात १००० लिटर, म्हणजे एक टन पाणी साठते. हा भार एका जागी राहिला असता तर चिंता कमी होती. पण नौका एका अंगावर कलली की सारे पाणी त्याच अंगास धावते व तिला आणखी कलविते.

हे पाणी उपसण्यासाठी तळाच्या सर्वांत सखल जागी विजेचा पंप बसवितात. शेजारी एक तरंगता खटका असतो. पाणी चढले की तो उचलला जाऊन पंप सुरू होतो, ओसरले की थांबतो. सोय मोठी आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे. पूर्वी खलाशी डब्याने पाणी उपसत. काल चार डबे निघाले, आज दहा, हे त्यांना आपोआप कळे. खटका काही सांगत नाही. सांधा उकलत जातो, पंप मुकाट्याने अधिकाधिक वेळ चालतो, आणि एके रात्री बॅटरी संपते. म्हणून पंप चालू असल्याचा दिवा तांडेलाच्या नजरेसमोर असावा, आणि तो दिवसातून किती वेळा लागतो याची नोंद ठेवावी.

पंपावर तासाला २००० लिटर असे लिहिलेले असते; पण पाणी वर चढवून वाकड्या नळीतून बाहेर टाकताना त्यातील बराच अंश घटतो. उलट, पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर तासाला सुमारे ३६०० लिटर पाणी आत येते! तेव्हा पंप झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे, भोकासाठी नव्हे. त्यासाठी निमुळत्या लाकडी खुंट्या, हातपंप व मोठी बादली नौकेत हवीच. मला स्वतःला बादलीचा भरवसा अधिक वाटतो.

देखभाल तशी सोपी आहे. जाळ्याचे नायलॉनचे धागे, खवले व प्लॅस्टिकच्या पिशव्या पंपाच्या गाळणीत अडकतात. ती आठवड्यातून एकदा धुवावी. खटका हाताने उचलून पाहिला एवढ्याने भागत नाही. बादलीभर पाणी ओतून ते खरोखर बाहेर पडते का ते पाहावे, कारण पंप गुणगुणत असला तरी नळी फुटलेली असू शकते. तारांचे जोड पाण्यापासून उंच ठेवावेत. खाऱ्या पाण्याने तांबे हिरवे पडून झिजते. पंपाची तार मुख्य बटणावरून न नेता बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजमधून न्यावी, म्हणजे सारे बंद करून मालक घरी गेला तरी पंप जागा राहतो. नळीचे बाहेरचे तोंडही पाण्यापासून बरेच वर हवे. नाही तर मासळी व बर्फ यांनी लादलेली नौका खाली दबते, ते तोंड बुडते, आणि पंप थांबताच समुद्र त्याच वाटेने आत शिरतो.

तळात इंजिनाचे तेल सांडले असेल तर पंप आधी बंद करावा आणि तेल चिंध्यांनी टिपून घ्यावे. एरवी त्याचा तवंग नदीवर पसरतो. चिंध्या मोजून बाहेर काढाव्यात, आणि खटका पुन्हा चालू करावा.