दुधाळ्याहून हॅनफर्डला जाणारी लाइन

कंपन्यांच्या देशोदेशीच्या शाखा एका नेटवर्कमध्ये जोडून देणं हे माझं काम. राहतो पुण्यात, पण गाव औंढा नागनाथ तालुक्यातलं. त्यामुळे दुधाळ्याच्या माळावर ‘लायगो-इंडिया’ होणार हे ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो लाइनचा. इथून डेटा बाहेर जाणार कसा?

लायगोचं यंत्र म्हणजे काटकोनात बसवलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेसर. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की गुरुत्वीय लहरी निघतात आणि त्यांच्यामुळे या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी कमी अशी बदलते. म्हणून शांत जमीन हवी. समुद्राच्या लाटा, रेल्वे, कारखाने लांब असावेत. हे सगळं आपल्या हिंगोलीत जुळून आलं. १७ फेब्रुवारी २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली.

पण एकट्या यंत्राला लहर कुठून आली हे जवळपास सांगताच येत नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळे, तसंच हे आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, तेव्हा ती अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आधी आणि हॅनफर्डच्या यंत्राला सुमारे ७ मिलिसेकंदांनी पोचली. तेवढ्यावरून आकाशातला सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा ठरवता आला. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम ०.२ चौरस अंश जागा घेतो; म्हणजे दुर्बीण नेमकी कुठे वळवायची हा प्रश्न तसाच राहिला. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतलं ‘व्हर्गो’ सोबत होतं आणि १,१६० चौरस अंशांचा पट्टा ६० वर आला. फरक एका यंत्राने पाडला. जपानमध्ये ‘काग्रा’ आहे. हिंगोलीचं यंत्र या सगळ्यांपासून हजारो किलोमीटरांवर असेल, आणि दिशा ठरवायला हेच लांबचं अंतर कामाला येतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दुधाळ्याहून मुंबई, तिथून समुद्राखालच्या केबलने अमेरिका, असा वळसा घेत डेटाला जायला शंभरएक मिलिसेकंद तरी लागणार, आणि लाइनवर गर्दी असली की ही वेळ मागेपुढे होणार. गुरुत्वीय लहर मात्र पृथ्वीच्या आरपार जाते. हिंगोली आणि अमेरिका यांच्यात तिचा जास्तीत जास्त फरक ४० मिलिसेकंदांच्या आतबाहेर. मोजायचा फरक लाइनच्या उशिरापेक्षा लहान! म्हणून डेटा कधी पोचला हे कुणी बघतच नाही. प्रत्येक यंत्र जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाशी जुळलेलं असतं आणि नोंद जिथे होते तिथेच तिच्यावर वेळेचा शिक्का बसतो. कंपन्यांच्या नेटवर्कमध्येही आम्ही सगळ्या शाखांची घड्याळं आधी जुळवतो. नाहीतर दुबईतली पावती पुण्यातल्या ऑर्डरच्या आधीची दिसते.

मग लाइन सावकाश चालली तरी चालेल का? नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लहरीनंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. पण लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत नेमका त्याच वेळी खरखराट होता आणि व्हर्गोचा डेटा यायला उशीर होत होता. तिन्ही यंत्रांवरून काढलेला नकाशा निघायला पाच तासांच्या आसपास गेले. चिलीत रात्र पडायची होती म्हणून निभावलं. तिथल्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या टकरीचा उजेड हेरला. तो दिवसागणिक विझत जातो. गेलेले तास परत मिळत नाहीत.

लायगोची माहिती तपासणारा ‘सारथी’ हा संगणक-समूह पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत आधीपासून आहे, तिथल्या शास्त्रज्ञांचा या विषयातला अनुभव कित्येक दशकांचा आहे. त्या बाजूची मला काळजी नाही. काळजी आहे ती औंढ्याच्या रस्त्याकडेला पुरलेल्या केबलची. समुद्रातली केबल तुटते, हे ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा आपल्या सगळ्या ऑफिसांनी भोगलं. पण माझ्या अनुभवात जास्त लाइनी जातात त्या रस्त्याच्या कामात, जेसीबीच्या बकेटखाली. आणि पुष्कळदा असं निघतं की ‘बॅकअप’ म्हणून विकत घेतलेली दुसरी लाइनही त्याच चरातून गेलेली होती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दुधाळ्याहून दोन लाइनी निघाव्यात: एक परभणीच्या दिशेने, दुसरी वाशिमच्या, आणि मुंबईपर्यंत त्या कुठेही एका खड्ड्यात येऊ नयेत. तुटलेली तार जोडायला स्प्लायसिंग मशीन आणि ते चालवणारी मुलं औंढ्यातच असावीत. हिंगोलीच्या आयटीआयमधून अशी मुलं तयार करायला यंत्र उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही.