हौसेची गाडी अडून बसते तेव्हा

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण हौसेने नटवलेली मोटारसायकल ऐन गुरुवारी रात्री चालू व्हायला नकार देते, तेव्हा त्या हौसेचे मोल रोख दिनारांत मोजावे लागते. शुक्रवारची सुट्टी गॅरेजच्या दारात उभे राहण्यात जाते. घरोघर जेवण पोचवून पोट भरणाऱ्या आपल्या मुलांची तर गाडी हीच भाकरी. ती एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून या आठवड्यात आम्ही हा थोडा तेलकट विषय हाती घेतला आहे.

ही कहाणी बहुधा ठराविक असते. नवे उंच हँडल बसवले, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आला, दिवे बदलले, सांगाड्याला चकचकीत रंग दिला. सगळे जोडून झाले, चावी फिरवली आणि गाडी ढिम्म! मग घाईघाईने नवी बॅटरी येते, नवा प्लग येतो, कोणी 'इंजिनच खोलावे लागेल' असे सांगून घाबरवतो. आमचे सांगणे एवढेच की काल चालणारी गाडी आज चालत नसेल, तर मधल्या वेळात जिथे जिथे हात लागला तिथेच आधी पाहावे. इंजिन बिचारे बहुतेक वेळा निर्दोष असते.

मराठी माणसाची हौस म्हटली की बुलेट आलीच. १९५५ साली मद्रासमध्ये या गाडीच्या भारतातील उत्पादनाचा पाया घातला गेला. तेव्हापासून अनेक वर्षे कार्बोरेटर, पॉइंट आणि किक एवढ्यावरच तिचा संसार चालत असे, आणि गावातला मिस्त्रीही तारेच्या तुकड्याने तिची समजूत काढी. पुढे काळ बदलला. २००९ च्या सुमारास तिच्या पाचशे सीसी भावंडांत इंजेक्शन आले आणि २०२० साली प्रदूषणाचे 'भारत स्टेज सहा' हे नियम लागू झाल्यावर बुलेटचाही कार्बोरेटर गेला. आता हौशी हात लागतो तो नुसत्या लोखंडाला नव्हे, तर सेन्सर आणि छोट्या संगणकालाही. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. हँडलवरचा लाल किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल आणि टाकीतले पेट्रोल या चार गोष्टी आधी पाहाव्यात. हसू नये; पुष्कळदा गाडी इथेच सुरू होते. साइड स्टँडचा स्विच तर नवे फूटरेस्ट बसवताना हमखास निसटतो.

चावी फिरवून एकही दिवा लागत नसेल तर मुख्य फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल पाहावेत. दिवे लागतात पण स्टार्टर नुसता 'टक टक' करतो, तेव्हा बॅटरी उतरली आहे किंवा जाड तार सैल आहे असे समजावे. पूर्ण भरलेली साधी बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर दाबताच ती दहाच्या बरीच खाली कोसळत असेल, तर गाडीच्या संगणकालाच पुरेशी वीज मिळत नाही. बॅटरी चांगली असूनही असे होत असेल तर नव्या रंगाकडे वळावे. सांगाड्याला भट्टीत भाजून दिलेला पावडरचा रंग वीज वाहू देत नाही. अर्थची तार जिथे बोल्टने आवळलेली असते, तेवढ्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा केला की 'मेलेली' गाडी जिवंत होते.

स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल येते पण ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज यायला हवा. तो येत नसेल तर फ्यूज, रिले आणि गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर पाहावा. सीटखालची जागा मोकळी करताना हा सेन्सर कोणी आडवा किंवा उलटा बांधला, तर उभी गाडीही आपण पडलोच आहोत असे समजून बसते!

हँडल उंच केले असेल तर ते डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. वळवताना दिवे विझले की मानेपाशी तार ताणली किंवा तुटली आहे हे नक्की. गाडी चोकवर सुरू होऊन लगेच मरत असेल, तर मोकळ्या फिल्टरमुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे झालेले असते. कार्बोरेटर असेल तर त्याचे जेट बदलावे लागते.

इथल्या हवेचा हिशेब वेगळा धरावा. बहारीन हे बेट. चोहीकडे खारा वारा, उन्हाळ्यात चाळिशीपार पारा आणि वर घामट दमटपणा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारांचा गोंद इथे वितळतो आणि आत हिरवा गंज चढतो. जोड डाग देऊन, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवूनच करावा.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. जळलेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार घालू नये. फ्यूज वाचतो आणि गाडी पेटते. ठिणगी तपासताना जवळ पेट्रोल उघडे नसावे, आणि प्लग इंजिनच्या धातूला नीट टेकलेला असावा.

कायद्याचेही भान असावे. इथे गाडीत बदल करण्याआधी वाहतूक खात्याला विचारणे शहाणपणाचे. गावी ठेवलेली बुलेट सुट्टीत नटवण्याचा बेत असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम ध्यानात घ्यावे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे.

हौस करू नका असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. फक्त एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर गाडी सुरू करून पाहावी आणि मगच पुढच्या कामाला हात घालावा. वायरिंग सोडवण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवावा, काढलेले मूळ भाग एका खोक्यात जपावेत. मिस्त्रीकडे जाल तेव्हा काय काय बदलले ते लाज न बाळगता सांगावे. डॉक्टरांपासून आजार आणि मिस्त्रीपासून हौस लपवली, तर दोन्हीकडे बिलच वाढते.