चाल ज्याची त्याची

केंटकी आणि टेनेसी या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर, कंबरलँड पठारावर, बिग साउथ फोर्क नावाचा सुमारे सव्वा लाख एकरांचा जंगलपट्टा आहे. वालुकाश्माचे कडे, दगडी कमानी, खोल दरीतून वाहणारी नदी आणि या सगळ्यातून घोडेस्वारांसाठी राखलेल्या वाटा. लोक आपापले घोडे ट्रेलरमध्ये चढवून लांबून येतात, घोड्यांच्या तळावर मुक्काम ठोकतात आणि रोज सकाळी खोगीर चढवून बाहेर पडतात. अशा जथ्यात सगळे घोडे एका जातीचे असतील तर नवल. एकाकडे टेनेसी वॉकर, दुसरीकडे मिसूरी फॉक्स ट्रॉटर, तिसऱ्याकडे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या वंशाचा पासो फिनो, चौथीकडे इथल्याच डोंगरातला रॉकी माउंटन. आणि हटकून एखादा साधा क्वार्टर हॉर्स, ज्याला खास चाल अशी नाहीच.

यांतले पहिले चारही बसायला मऊ म्हणून नावाजलेले. तरी पाच जण एकत्र निघाले की पहिल्या तासाभरातच कुरबुर सुरू होते. वॉकर पुढे निघून गेलेला असतो. क्वार्टर हॉर्सवाला मागे पडतो, मग दुडक्या चालीने गाठतो, परत मागे पडतो, परत गाठतो. पासो फिनो जागच्या जागी नाचल्यासारखा करतो आणि त्याचा स्वार लगाम ओढून ओढून वैतागतो. घोडे उत्तम, स्वार जाणते, वाट सुंदर. मग बिनसतं कुठे?

आधी पायांचा हिशेब बघू. सर्वसाधारण घोडा चालतो तेव्हा चारही खूर वेगवेगळे पडतात. वेग वाढला की तो दुडकीवर येतो: पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग उरलेले दोन एकदम. दोन ठोक्यांच्या मधे घोडा क्षणभर हवेत असतो, आणि तोच क्षण स्वाराच्या कण्याला जाणवतो. याच्या उलट एक चाल आहे, तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पुढे जातात. उंट तसा चालतो, काही घोडेही. तिच्यात आदळआपट कमी, पण स्वार डावीकडे-उजवीकडे डोलत राहतो. या दोन टोकांच्या मधे एक मोठा प्रदेश आहे. तिथे वेग दुडकीचा असतो, पण खूर मात्र चालताना पडतात तसे एकेक पडतात. कुठला ना कुठला पाय कायम जमिनीवर, म्हणून पाठ वरखाली होत नाही. घोडेबाजारात आपण जिला रवाल म्हणतो ती चाल याच प्रदेशातली.

मिल्टन हिल्डेब्रँड या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1965 साली ‘सायन्स’मध्ये या प्रदेशाचा चक्क नकाशा मांडला. त्याने दोनच गोष्टी मोजल्या. एक, पूर्ण पावलाच्या किती टक्के वेळ खूर जमिनीवर टेकलेला असतो. दुसरी, मागचा पाय पडल्यानंतर त्याच बाजूचा पुढचा पाय किती उशिराने पडतो. हा उशीर शून्य असेल तर उंटाची चाल, पन्नास टक्के असेल तर दुडकी, पंचवीस असेल तर चारही ठोके अगदी समान अंतरावर. घोड्यांच्या साऱ्या सममित चाली या आलेखावर कुठे ना कुठे बसतात, आणि त्यांच्यामध्ये ठळक भिंती नाहीत. एका चालीतून दुसरीत घोडा घसरत जाऊ शकतो. जथ्यातली अर्धी भांडणं या घसरण्यातूनच होतात.

टेनेसी वॉकर पंचविसाच्या आसपास राहतो. त्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाला ओलांडून कितीतरी पुढे पडतो आणि प्रत्येक पावलाला मान डुलते. पावलं थोडी, टांग लांब. पासो फिनोचे ठोकेही समान अंतरावर, पण त्याची पावलं इवलीशी आणि झपाझप. मागचा भाग जवळजवळ हलतच नाही. प्रदर्शनांत त्याला लाकडी फळीवरून चालवतात, म्हणजे परीक्षकाला ठोके कानाने मोजता येतात. फॉक्स ट्रॉटर दुडकीच्या बाजूला झुकलेला: तिरकी जोडी असते, पण पुढचा खूर मागच्याच्या किंचित आधी टेकतो, आणि त्या किंचितमुळेच हादरा मोडतो. जुनी माणसं म्हणत, हा घोडा पुढून चालतो आणि मागून दुडकतो. ओझार्कच्या खडकाळ टेकड्यांत गुरं राखणारे, डॉक्टर, शेरीफ अशा दिवसदिवस खोगिरावर काढणाऱ्या माणसांनी तो निपजवला. तिथल्या दगडगोट्यांच्या वाटेवर तो इतरांपेक्षा भरवशाने पाय टाकतो, असं त्याचे मालकच नाही तर शेजारच्या घोड्यावरचे लोकही कबूल करतात.

रॉकी माउंटनची गोष्ट तर थेट रपेटीच्या धंद्यातून आलेली. केंटकीच्या नॅचरल ब्रिज या राज्य उद्यानात सॅम टटल नावाचा गृहस्थ पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा ठेका चालवत असे. त्याच्याकडे ‘ओल्ड टोब’ नावाचा वळू घोडा होता. कधी खोगिरावर न बसलेल्या माणसालाही डोंगरवाटेने सुखरूप नेऊन आणणारा म्हणून त्याची ख्याती. वळू घोड्यावर नवशिक्याला बसवायचं धाडस आपल्याकडचा कुठलाही चाबुकस्वार करणार नाही. 1986 मध्ये या जातीची नोंदवही सुरू झाली तेव्हा बऱ्याच घोड्यांची वंशावळ त्या एका टोबपाशी येऊन पोचत होती.

या सगळ्यांमागे एक समान धागा आहे, तो रक्तातच. 2012 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लेफ अँडरसन यांच्या गटाने ‘डीएमआरटी-3’ या जनुकातला एक बदल शोधला. मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी पायांचा ताळमेळ राखतात, त्यांच्यावर या जनुकाचा अंमल. बदल झालेला घोडा आइसलंडचा असो की पेरूचा, दुडकीच्या सक्तीतून सुटतो. पुढे 2016 मध्ये जुन्या हाडांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा हा बदल इंग्लंडमधल्या यॉर्क इथे नवव्या शतकातल्या घोड्यांत सापडला, आणि आइसलंडमधल्या त्यानंतरच्या काळातल्या अनेक घोड्यांत. म्हणजे तो व्हायकिंगांच्या जहाजांतून उत्तरेकडे गेला असावा. रस्ते नव्हते तोवर युरोपात अशा घोड्यांना मोठा मान होता. रस्ते झाले, घोडागाड्या आल्या आणि ओढायला दुडकीचा घोडा बरा ठरला. अमेरिका खंडात मात्र मळे मोठे, वाटा कच्च्या आणि मालक दिवसभर खोगिरावर. तिथे तो टिकला.

जनुक फक्त परवानगी देतं. त्या परवानगीचं काय करायचं हे हाडांची ठेवण, सराव आणि स्वाराची मांड ठरवते. म्हणून जनुक एक असूनही वॉकर आणि पासो शेजारीशेजारी चालू शकत नाहीत.

आता मूळ कुरबुरीकडे येऊ. 1981 साली डोनाल्ड हॉइट आणि रिचर्ड टेलर यांनी छोट्या घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून ते किती प्राणवायू खर्च करतात हे मोजलं. प्रत्येक चालीत एक वेग असा निघाला, की त्या वेगाने तेच अंतर कापायला सर्वांत कमी शक्ती लागते. त्यापेक्षा हळू गेलं तरी महाग, जोरात गेलं तरी महाग. आणि मोकळे सोडले तर ते घोडे आपणहून त्याच स्वस्त वेगांच्या आसपास राहत, मधले वेग टाळत. जथ्याचा सगळा पेच या प्रयोगात आहे. पाच घोड्यांचे स्वस्त वेग पाच वेगळे. सगळ्यांना एकाच वेगात बांधलं की त्यातले तीन-चार तरी तोट्यात चालतात. माणसाला ते दिसत नाही, घोड्याला कळतं. तो नाचतो, लगाम चावतो, डोकं झटकतो; आपण त्याला खट्याळ म्हणतो.

मंडळी वाद घालतात ते जोराच्या चालीवरून. कुणाचा घोडा किती मऊ, कुणाचा किती पल्ला मारतो, कुणाच्या हातातला भरलेला पेला सांडत नाही. आइसलंडमध्ये तर बिअरचा मग हातात धरून तोल्त या तिथल्या मऊ चालीच्या शर्यती लावतात. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी आहे. जोराच्या चालीत पाचही घोडे बऱ्यापैकी जुळतात, कारण त्या प्रत्येक चालीचा पट्टा रुंद असतो. जथा फुटतो तो साध्या चालण्यात. क्वार्टर हॉर्स ताशी सहाएक किलोमीटरने चालतो. वॉकरचं साधं चालणंच सात-आठवर, आणि त्यात तो अजिबात घाईत नसतो. डोंगरवाटेवर दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यातच जातो, म्हणून हा ताशी एक-दोन किलोमीटरचा फरक दुपारपर्यंत मैलांचा होतो. क्वार्टर हॉर्स मग दिवसभर तुकड्यातुकड्याने दुडकतो, आणि संध्याकाळी त्याचा स्वार खोगिरावरून उतरतो तो कमरेला हात लावूनच.

याला उपाय सगळ्यांना एका चालीत आणणं नव्हे. असा प्रयत्न करणारे होते आणि आहेत. त्यांचे वॉकर हळू दाबून धरल्याने उंटासारखे डोलायला लागतात, तर फॉक्स ट्रॉटर ताणून पळवल्याने सरळ दुडकीवर येतात. कोवळ्या, शिकाऊ घोड्याचं यात कायमचं नुकसान होऊ शकतं. चाल पक्की व्हायच्या आत त्याला भलत्याच वेगाच्या जथ्यात नेलं तर तो ती विसरतो. अशा घोड्याला पहिलं वर्ष एकट्याने किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्याबरोबरच फिरवावं, असं जुने चाबुकस्वार सांगतात ते यासाठी.

जाणते जथे चाल सोडून देतात आणि जागा ठरवतात. पुढे कोण? सहज उत्तर म्हणजे सर्वांत जलद घोडा, आणि तेच चूक. पुढचा घोडा असा हवा की ज्याचं चालणं मधलं आहे आणि ज्याचा स्वार मागे वळून बघतो. वॉकर पुढे राहिला तर त्याने ठराविक ठिकाणी थांबायचं, पण आडवाटेला नाही. मागचे दिसतील अशा जागी. आखूड टांगेचा पासो मधे. क्वार्टर हॉर्सला शेपटाला टाकू नये, कारण शेवटच्या घोड्याला पुढच्यांचा प्रत्येक वेगबदल दुप्पट भोगावा लागतो. लाथ मारायची खोड असलेल्याच्या शेपटीला लाल फीत, आणि तो सर्वांत मागे. दोन घोड्यांमधे निदान एका घोड्याची जागा मोकळी.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नदीच्या उतारावर. पहिले दोन पार झाले, पाणी प्यायले आणि निघाले, की मागच्यांना एकटं पडल्याची धास्ती वाटते. घोडा कळपातला प्राणी. पुढचे दिसेनासे झाले की तो पाणी पिणं सोडून पाण्यातूनच उडी घेतो, आणि स्वार ओला होतो किंवा त्याहून वाईट. म्हणून शेवटचा घोडा पाणी पिऊन काठावर येईपर्यंत कुणी टाच मारायची नाही. चढाचंही तेच. चढाच्या माथ्यावर पोचलेल्याने तिथेच उभं राहायचं. खालून येणारे धापा टाकत असताना आपण ताजे होऊन निघून जाणं हा उद्धटपणा आहे.

या चालींच्या कौतुकात एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. टेनेसी वॉकरची जी प्रतिमा प्रदर्शनांतून जगभर पोचली, पुढचे पाय गुडघ्यापार उचलून फेकणारा घोडा, तिच्यामागे जड बूट, साखळ्या आणि काही मालकांनी पायांना रसायनं लावून केलेला छळ आहे. तो रोखण्यासाठी अमेरिकेला 1970 मध्ये खास कायदा करावा लागला, आणि तरी प्रश्न संपलेला नाही. डोंगरवाटेवर ते नाटक चालत नाही. तिथे घोडा सहा तास स्वतःच्या पायांवर चालतो आणि त्याची खरी चाल आपोआप दिसते.

आपल्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत रवाल घोडा दाखवायला निघाला की गर्दी दुभंगते. मारवाडी, काठियावाडी जनावरं सरळ पट्टीवर धावडवली जातात, स्वार ताठ बसलेला, पाठ स्थिर. खरेदीदार रंग बघतात, देवमण बघतात, भोवरे मोजतात, उंची विचारतात. त्या पट्टीवर घोडा एकटाच असतो. त्याला सह्याद्रीतल्या एखाद्या वाटेवर आणखी चार घोड्यांबरोबर दिवस काढायचा असेल तर त्याला साधं चालवून बघायला हवं, जमल्यास दुसऱ्या घोड्याच्या मागे. विकणारा हसेल, पण चालवून दाखवेल.

बिग साउथ फोर्कच्या वाटांवर परतीच्या वेळी हिशेब पुन्हा बदलतो. तळ जवळ आला, वैरणीची आठवण झाली, की दिवसभर मागे रेंगाळणारा क्वार्टर हॉर्सही वॉकरच्या बरोबरीने चालायला लागतो आणि सगळेच लगामाला ओढ देतात. तेव्हा सर्वांत थंड डोक्याचा घोडा पुढे आणतात, आणि शेवटचा मैल स्वार उतरून, तंग सैल करून पायी जातात. घोड्यांचा घाम वाळतो, पाठ मोकळी होते, आणि पाचही घोड्यांना एकच वेग मिळतो: स्वारीचे बूट घालून चालणाऱ्या माणसाचा. या मैलाबद्दल घोड्यांची काही तक्रार नसते.