उचलले, बसवले, सोडले

मी मराठीचा मास्तर. क्रियापदे हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी तीन साध्या क्रियापदांचा अर्थ मला प्रथम उमगला तो वर्गात नव्हे, एका पोलीस ठाण्याच्या बाकावर!

२०१५ सालच्या श्रावणातली गोष्ट. शहरात मोर्चा निघाला होता. आमच्या महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी ग्रंथालयातून निघून बसच्या थांब्यावर उभा होता. मोर्चाशी त्याचा संबंध एवढाच, की मोर्चामुळे त्याची बस आली नव्हती. आली ती पोलिसांची गाडी, आणि थांब्यावरची सारी तरुण मंडळी तिच्यात भरली गेली. संध्याकाळी त्याची आई घाबऱ्याघाबऱ्या आमच्या घरी आली. "सर, तुमचं तरी ऐकतील हो!" मास्तरांचे वर्गातसुद्धा कोणी ऐकत नाही, हे त्या माउलीला ठाऊक नसावे. पण गेलो.

ठाण्यात चाळीसएक पोरे फरशीवर बसली होती. मी विचारले, "याला अटक कशासाठी?"

अंमलदार सौजन्याने म्हणाले, "छे हो सर, अटक कुठली? नुसतं बसवून ठेवलंय."

"मग मी याला घरी नेतो."

"तसं नाही नेता येणार."

अटक नाही आणि जाताही येत नाही! नोंद कुठे आहे, असे विचारले तर ते हसले. मोठे साहेब बंदोबस्तावरून परतले आणि रात्री दहाला साऱ्यांना सोडून दिले. अंमलदारही सकाळपासून उपाशी होते, हेही सांगितले पाहिजे. उचलले, बसवले, सोडले. आपल्या भाषेची सोय अशी, की या वाक्यांत कर्ता गाळला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

पुढे वाचता वाचता कळले, की गाळलेल्या कर्त्याची ही गोष्ट एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडली होती, आणि तीही अमेरिकेच्या राजधानीत. १९७१ साली मे महिन्यात व्हिएतनाम युद्धाचे हजारो विरोधक वॉशिंग्टनला जमले. सरकार युद्ध थांबवीत नसेल तर आम्ही सरकार थांबवू, असे त्यांनी जाहीरच केले होते. ३ मे रोजी पहाटे पूल आणि चौक अडवायला ते निघाले. रस्ते मोकळे ठेवणे हे पोलिसांचे कामच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिथल्या पोलिसांकडे अटकेचा एक छापील तक्ता असे. कोणाला पकडले, कोणी पकडले, कशासाठी, आणि सोबत एक छायाचित्र. गर्दीत हे लिहीत बसायला वेळ कुठला, म्हणून पोलीसप्रमुख जेरी विल्सन यांनी त्या दिवशी हा तक्ता भरण्याची पद्धतच स्थगित केली. हात मोकळे झाल्यावर काय विचारता! एका दिवसात ७,००० हून अधिक आणि तीन दिवसांत १२,००० हून अधिक माणसे पकडली गेली. त्यांत निदर्शक होते तसे वाटसरूही होते. तुरुंगांत जागा उरली नाही, तेव्हा फुटबॉलच्या सरावाच्या मैदानात कुंपणाआड थंडीत माणसे ठेवली. गावातल्या काळ्या वस्तीतले लोक त्यांच्यासाठी खाणे आणि पांघरुणे घेऊन आले.

मग न्यायालयात मौज झाली. आरोपी हजारोंनी, पण याला पकडले कोणी आणि करताना काय पाहिले, हे सांगणारा शिपाई सापडेना! बहुतेक खटले कोसळले. ५ मे रोजी संसदभवनाच्या पायऱ्यांवर रॉन डेलम्स या लोकप्रतिनिधीचे भाषण ऐकणाऱ्या सुमारे १,२०० जणांना पकडले होते. ते मात्र गप्प बसले नाहीत, उलट दाव्याला उभे राहिले. १९७५ साली ज्यूरीने त्यांना १ कोटी २० लाख डॉलर भरपाई देवविली. अपिलात ती रक्कम पुढे कमी झाली, पण अटक बेकायदा ठरली ती ठरलीच.

आपल्याकडे असा कागद नाही काय? आहे तर! संविधानाचे २२ वे कलम अटकेचे कारण सांगायला लावते आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायला लावते. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पंचनामा करून त्यावर तारीख-वेळ, साक्षीदाराची आणि पकडलेल्याची सही घ्यावी, असे बजावले. पण हे सारे 'अटक' या शब्दाला चिकटलेले. 'बसवून ठेवले' म्हटले, की कागदही नको आणि सहीही नको! ठाण्यातला तो सौजन्याचा शब्द मला आज फार महागडा वाटतो.

२०१८ साली तोच मुलगा सरकारी नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. व्याकरण तपासून घ्यायला आला असेल, असे वाटले. त्याने एका रकान्यावर बोट ठेवले. आपणांस कधी अटक झाली होती काय, किंवा स्थानबद्ध केले होते काय?

"सर, काय लिहू?" तो म्हणाला. "नाही लिहिलं आणि कुणी सांगितलं तर खोटं ठरतं. हो लिहिलं तर पुरावा मागतील, आणि तो माझ्याकडे नाही."

मी चष्मा पुसला. पेन्सिलीने लिही, म्हटले, आणि त्या ठाण्यात नोंद मागायला त्याच्याबरोबर पुन्हा निघालो.