स्क्रू नाही, खिळा नाही, तरी स्टूल डुगडुगत का नाही?

रीलमध्ये तुम्ही पाहिलं असेल: दोन लाकडं एकमेकांत सरकतात, 'टक्' आवाज येतो आणि व्हिडिओ संपतो. भारी वाटतं, पण त्या 'टक्'च्या आधीची मेहनत कोणी दाखवत नाही.

साध्या स्टूलाची चौकट घ्या. आडव्या पट्टीचं टोक कापून बारीक करतात, ते कुसू. पायात पटाशीने त्याच मापाची खाच कोरायची आणि कुसू तिच्यात बसवायचं. पाय आणि पट्टी दोन्ही ३० मिमी जाड असतील तर कुसू साधारण १० मिमी, म्हणजे एक तृतीयांश. जास्त जाड केलं तर खाचेच्या भिंती फुटतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं.

मग सरळ स्क्रू का नको? पट्टीच्या टोकात मारलेला स्क्रू लाकडाच्या रेषांना समांतर जातो, तिथे पकड कमी. स्टूलवर बसून मागे-पुढे झुललात की सगळा ताण त्या आट्यांवर. भाड्याची खोली दोनदा बदलली की ऑनलाइन मागवलेलं टेबल का डुगडुगतं, त्याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. कुसवात तोच ताण मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. शिवाय फेविकॉल लाकडाच्या कापलेल्या टोकावर नीट धरत नाही, कुसवाच्या सपाट बाजूंवर घट्ट धरतो.

मला सगळ्यात आवडते ती खुंटीची युक्ती. खाचेच्या भिंतींतून आरपार भोक पाडतात, पण कुसवातलं भोक मुद्दाम एक-दीड मिमी पट्टीच्या बाजूला सरकवून. निमुळती खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते आणि कुसू आणखी आत खेचलं जातं. क्लॅम्पची गरजच नाही!

पायांना आकार द्यायचाय? तो सांधे कापून झाल्यावर. आधीच गोलाई दिली तर गुण्या टेकवायला सपाट बाजू कुठून आणणार? आमच्या भाषेत, आधी एपीआय पक्का करा, यूआय नंतर सजवा. पुण्यात विश्रामबागवाड्यात गेलात तर सुरूच्या आकाराच्या खांबांचा फोटो काढालच; खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथेही झूम करा.

घरी करून बघणार असाल तर फेविकॉल लावण्याआधी एकदा कोरडंच जोडा. कुसू हाताने ढकलून अर्धं आत जायला हवं, उरलेलं मोगरीच्या हलक्या टोल्यांनी. जोरात ठोकावं लागतंय? थांबा, पटाशीने कुसवाचा एक पातळ पापुद्रा काढा आणि पुन्हा लावून बघा.