दूरनियंत्रक यंत्राच्या दांड्या व त्यांची सुधारणा

बिनतारी लहरींच्या योगें दूरचें यंत्र चालवितां येतें, हें निकोला टेस्ला यानें इ. स. १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका पाण्यांत चालवून लोकांस दाखविलें. त्या वेळचें तें नवल आज छंद म्हणून शाळकरी मुलांच्याहि हातीं आलें आहे. लहानसें विमान आकाशांत घिरट्या घालतें आणि जमिनीवर उभा असलेला मुलगा हातांतील ट्रान्समीटरच्या दोन दांड्या अंगठ्यांनीं हालवून त्यास वळवितो. पाहणाराचें लक्ष विमानाकडे लागलेलें असतें. परंतु विमानास मिळणारी प्रत्येक आज्ञा त्या दोन दांड्यांपासून निघते. म्हणून त्यांची रचना व सुधारणा यांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रत्येक दांडी गिंबल नांवाच्या सांगाड्यांत बसविलेली असते. त्यांत एकमेकांशीं काटकोन करणारे दोन आंस असल्यामुळें दांडी वरखालीं व डावीउजवीकडे सारखीच फिरते. अशा रीतीनें दोन दांड्यांपासून चार आज्ञा मिळतात: मोटारीचा वेग कमीअधिक करणें, विमानाचें नाक वरखालीं करणें, अंग एका बाजूस कलविणें आणि शेपटीचें सुकाणू वळविणें. जुन्या पद्धतीच्या गिंबलांत प्रत्येक आंसास एक पोटेंशिओमीटर जोडलेला असतो. रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याची कळ ज्या तत्त्वावर चालते, तेंच तत्त्व येथें आहे. कार्बनाचा लेप दिलेल्या वक्राकार पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत फिरते व ती जेथें असेल त्या मानानें विद्युद्दाब कमीअधिक मिळतो. ट्रान्समीटरमधील सूक्ष्म गणक तो दाब मोजून त्याचा आंकडा बनवितो आणि तो आंकडा लहरींच्या द्वारें विमानाकडे जातो.

या रचनेचें मर्म घर्षणांत आहे आणि तिचा दोषहि तेथेंच आहे. लेप झिजतो, पट्टीवर धूळ बसते आणि जिभेचा स्पर्श मधून मधून तुटतो. जुन्या रेडिओची कळ फिरवितांना जी खरखर होते, तिचें कारण हेंच. येथें ती खरखर कानांस ऐकूं येत नाहीं. ती विमानावर उमटते. दांडी स्थिर असतांहि पंखाची झडप थरथरते, अथवा दांडी मध्यावर आली तरी विमान एका अंगास ओढतें. वेगानें खालीं येणारें विमान व त्याचा फिरता पंखा मनुष्यास गंभीर इजा करूं शकतो. तेव्हां या दोषाकडे दुर्लक्ष करणें योग्य नव्हे.

यावरील उपायाचें बीज फार जुनें आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत एडविन हॉल या विद्यार्थ्यानें १८७९ सालीं सोन्याच्या वर्खांतून विजेचा प्रवाह सोडला व वर्खाच्या पृष्ठभागास लंब असें चुंबकीय क्षेत्र लाविलें. तेव्हां प्रवाहाच्या आडव्या दिशेस अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न झाल्याचें त्यास आढळलें. नव्या गिंबलांत आंसावर एक लहान लोहचुंबक असतो व त्याच्यासमोर हॉलच्या तत्त्वावर चालणारा संवेदक स्थिर बसविलेला असतो. दांडीबरोबर चुंबक फिरला कीं संवेदकावरील चुंबकीय क्षेत्र बदलतें व तदनुसार दाबहि बदलतो. दोहोंचा परस्परांस स्पर्श नसल्यामुळें झिजण्यास लेपच उरत नाहीं. मात्र स्प्रिंगा व आंसांचे बेअरिंग पूर्वींप्रमाणेंच झिजतात, आणि जवळ दुसरा प्रबळ चुंबक आणल्यास मोजणींत फरक पडूं शकतो.

कांहीं ट्रान्समीटरांत जुनें गिंबल काढून नवें बसवितां येतें. फ्रस्काय कंपनीच्या टॅरॅनिस एक्स ९ डी प्लस या यंत्रास तिचेंच एम ९ गिंबल बसतें. अशा कामीं प्रथम बॅटरी काढावी. मागील झांकण उघडल्यावर कोणती तार कोठें आहे याचें चित्र काढून ठेवावें. तारांस हिसका न देतां जोडण्या सोडवाव्या व स्क्रू बेताचेच आंवळावे. मोटारीचा वेग ठरविणारी दांडी सोडली तेथेंच राहिली पाहिजे, म्हणून तिची मध्यावर आणणारी स्प्रिंग मोकळी करावी. नंतर यंत्रास दांड्यांचे मध्य व टोकें नव्यानें शिकवावीं. यास कॅलिब्रेशन म्हणतात. तें केल्यावांचून उड्डाण करूं नये. पहिली परीक्षा विमानाचा पंखा उतरवूनच घ्यावी आणि झडपा आज्ञेप्रमाणें हालतात कीं नाहीं तें पाहावें.

तथापि खर्च करण्यापूर्वीं दोष खरोखर कोठें आहे तें शोधावें. पुष्कळदां कॅलिब्रेशन पुनः केल्यानें किंवा स्प्रिंगेचा ताण नीट लाविल्यानें काम भागतें. उत्तम दांडी हाताची आज्ञा हुबेहूब पोंचविते. हात कांपत असेल तर तो कंपहि ती तितक्याच इमानानें पोंचवील. म्हणून विद्यार्थ्यांनीं यंत्र सुधारावें आणि त्याबरोबर आपला हातहि अभ्यासानें स्थिर करावा.