लायनफिशची कुळकथा

ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडाला झोडपलं, किनाऱ्यावरची मत्स्यपेटी फुटली आणि सहा लायनफिश समुद्रात गेले. अटलांटिकमधल्या या उपद्रवाची ही जन्मकथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. चटकदार खरी, पण फ्लोरिडातच डेनिया बीचजवळ हा मासा 1985 मध्ये सापडला होता.

मूळचा हा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. विषारी काट्यांमुळे अटलांटिकमध्ये त्याला शत्रू जवळजवळ नाहीच. मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी घालते, पिल्लं तीनचार आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात. बहामाजमधल्या एका प्रयोगात त्याने पाच आठवड्यांत प्रवाळांवर नव्याने येणारे मासे 79 टक्क्यांनी घटवले.

तो पसरला कसा, याचा माग जनुकांनी दिला. मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो. त्याच्या प्रत्येक वेगळ्या रूपाला हॅप्लोटाइप म्हणतात. वाडीत मोजकीच आडनावं आढळली, तर ती मोजक्याच घराण्यांनी वसवली असं आपण समजतो, तसंच हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नऊ हॅप्लोटाइप सापडले, कॅरिबियनमध्ये चार. म्हणजे आधीच थोड्या माशांपासून वाढलेल्या प्रजेतले त्याहूनही मोजकेच पुढे सरकले. ब्राझीलमध्ये 2014 साली मिळालेल्या माशाचा धागाही कॅरिबियनशी जुळला. अॅमेझॉनच्या मुखाशी गोड्या, गढूळ पाण्याचा पट्टा आहे. तो या माशाला अडवेल, ही आशा तिथेच डळमळली.

भूमध्य समुद्राची गोष्ट निराळी. तिथल्या लायनफिशचा डीएनए तांबड्या समुद्रातल्या माशांशी जुळतो. वाट सुएझ कालव्याची, मत्स्यपेटीची नव्हे. हा फरक महत्त्वाचा, कारण पाळीव माशांच्या व्यापारावर कितीही निर्बंध घातले, तरी कालवा उघडाच राहतो.

मोजक्याच माशांपासून वाढलेल्या अटलांटिकच्या लायनफिशमध्ये जनुकीय विविधता कमी. उलट उदाहरण हवाईचं. मासेमारी वाढावी म्हणून तिथे 1950च्या दशकात निळ्या पट्ट्यांचे स्नॅपर मुद्दाम सोडले, तीन हजारांवर. आज त्यांच्यात मूळ ठिकाणाइतकीच जनुकीय विविधता आहे. लायनफिश आणि स्नॅपर, दोन्ही मासे मात्र सारखेच फोफावले. विविधता कमी म्हणजे जीव दुबळा, हे पाठ्यपुस्तकी समीकरण इथे लंगडं पडतं. माझा कौल अंड्यांच्या संख्येला आणि भक्षकांच्या अभावाला.

पण आईकडचा डीएनए अर्धीच साक्ष देतो. 2018 मध्ये संशोधकांनी केंद्रकातली जनुकंही तपासली. त्यातून निघालं, की अटलांटिकमध्ये माजलेला लायनफिश, म्हणजे ‘टेरोइस व्होलिटन्स’, हा हिंदी महासागरातला ‘टेरोइस मायलेस’ आणि प्रशांत महासागरातली दुसरी वंशशाखा यांचा संकर असावा. संकरातून येणाऱ्या जोमाने तो फोफावला असेल का? शक्य आहे, पण सिद्ध झालेलं नाही. शिवाय भूमध्यात पसरलेला ‘मायलेस’ असल्या संकराच्या मदतीशिवायच पसरतो आहे.